संगणक निजताना राखण कोणी करायची?

मुंबईच्या लोकलगाडीने तुम्ही कधी ना कधी प्रवास केला असेल. तिच्या पुढच्या डब्यात मोटरमन बसतो. त्याच्या हाताखाली गाडीचा वेग कमीजास्त करण्याची एक मूठ असते. या मुठीची गंमत अशी, की गाडी धावत असताना ती नुसती फिरवून भागत नाही. ती दाबूनही धरावी लागते. समजा, मोटरमनला एकाएकी भोवळ आली आणि त्याचा हात सैल पडला. मग ती मूठ आपोआप वर येते, मोटारींचा वीजपुरवठा तुटतो आणि ब्रेक लागतात. डब्यांत दाटीवाटीने उभ्या असलेल्या हजारो उतारूंना काय झाले याचा पत्ताही नसतो. गाडी मात्र थांबू लागलेली असते.

लांब पल्ल्याच्या गाड्या ओढणाऱ्या पुष्कळ इंजिनांत याच्याही पुढची सोय असते. चालकाने सुमारे मिनिटभर काहीच केले नाही, म्हणजे शिटी वाजवली नाही, वेग बदलला नाही, ब्रेकला हात लावला नाही, तर आधी एक दिवा लुकलुकतो. मग भोंगा वाजतो. तरीही चालकाने ‘मी जागा आहे’ असे सांगणारे बटण दाबले नाही, तर ब्रेक लागतात.

या दोन्ही युक्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती ध्यानात घ्या. चालक आजारी आहे की त्याला डुलकी लागली आहे, याची चौकशी ते यंत्र करीत नाही. तेवढी अक्कल त्याला नाहीच. ‘ठरलेल्या वेळात खूण मिळाली का?’ एवढाच एक प्रश्न त्याला ठाऊक असतो. नाही मिळाली, की ते आपले काम करून मोकळे होते. संगणकातही असाच एक राखणदार बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला वॉचडॉग टायमर, म्हणजे राखणीचा कुत्रा, असे म्हणतात. आपण त्याला राखण-घड्याळ म्हणू. आणि मधूनमधून नुसते कुत्रा म्हटले तरी तुम्ही समजून घ्याल.

हा कुत्रा संगणक चालू असताना काय करतो, हे सांगणे सोपे आहे. खरी पंचाईत होते ती संगणक बंद करताना. आज मला तुम्हाला मुख्यत्वे तीच सांगायची आहे. पण त्यासाठी आधी कुत्र्याची नीट ओळख करून घेतली पाहिजे.

अडकलेल्याला आपण अडकलो हे कळत नाही

संगणक ‘अडकतो’ म्हणजे काय होते? पुष्कळदा तो मुळीच थांबलेला नसतो. तो कोट्यवधी आज्ञा पाळत असतो, पण घाण्याच्या बैलाप्रमाणे त्याच त्या जागी फिरत असतो. एखादा प्रोग्रॅम ‘अमुक उत्तर येईपर्यंत वाट पाहा’ अशा वळणावर येतो, आणि ते उत्तर काही केल्या येत नाही. किंवा दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसतात: ‘आधी तू’, ‘नाही, आधी तू’. आता यातून त्याला बाहेर काढायचे, तर ते काम त्याच्याच एखाद्या प्रोग्रॅमवर सोपवून चालेल का? ज्या बैलाला फेऱ्यातून सोडवायचे, त्याच्याच हाती दोरी दिल्यासारखे ते होईल. म्हणून राखणदार वेगळा हवा. त्याचे काळ मोजण्याचे साधनही शक्यतो वेगळे हवे.

शाळांच्या प्रयोगशाळांतून हल्ली जे आर्डुइनो ऊनो नावाचे छोटे मंडल दिसते, त्याच्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते. या चिपचे मुख्य काम सेकंदाला १ कोटी ६० लाख स्पंदांच्या तालावर चालते. तिच्या पोटातील राखण-घड्याळाला मात्र सेकंदाला सुमारे १ लाख २८ हजार स्पंद देणारा स्वतःचा आंदोलक आहे. मुख्य ताल बिघडला तरी कुत्र्याचा श्वास चालूच राहतो. त्याची मुदत सुमारे १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंत ठरवता येते.

रचना अगदी साधी असते. एका मंडलात एक संख्या भरून ठेवायची. प्रत्येक स्पंदाला ती एकाने कमी होत जाते. शून्य झाली, की त्या मंडलाकडून प्रोसेसरला ‘पुन्हा पहिल्यापासून सुरू हो’ असा झटका मिळतो. हेच कुत्र्याचे चावणे. ते टाळायचे असेल, तर संख्या शून्यावर येण्यापूर्वी प्रोग्रॅमने ती पुन्हा पूर्ववत भरली पाहिजे. याला कुत्र्याला भाकर टाकणे म्हणू. वेळेवर भाकर मिळत गेली, की कुत्रा गप्प बसतो.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याच्या राखण-घड्याळात २० बिटांची संख्या मावते आणि ती सेकंदाला ६५,५३६ वेळा एकेकाने घटते. मग हा कुत्रा जास्तीत जास्त किती वेळ उपाशी राहू शकेल? २ चा विसावा घात म्हणजे १०,४८,५७६. त्याला ६५,५३६ ने, म्हणजे २ च्या सोळाव्या घाताने, भागा. उत्तर येते १६. वहीत घातांकांची वजाबाकी करूनही हेच मिळेल. पूर्ण १६ सेकंदांना एक स्पंद कमी पडतो, म्हणून पूर्णांकात बोलायचे तर १५ सेकंद. हा १५ चा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे आपल्याला अडचणीत आणणार आहे.

चावण्याची किंमत काय पडते, याचे एक नामांकित उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी पाथफाइंडर हे अमेरिकन यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनच स्वतःला पुन्हा सुरू करून घेऊ लागला. कमी महत्त्वाचे एक काम एका सामायिक साधनाला कुलूप लावून बसे. मध्यम महत्त्वाची कामे त्याला बाजूला सारून पुढे घुसत. आणि सर्वांत महत्त्वाचे काम त्या कुलपापाशी तिष्ठत राही. ते वेळेत झाले नाही असे तपासणीत दिसले, की सगळा संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू केला जाई. पृथ्वीपासून निघालेला रेडिओ संदेश मंगळावर पोहोचायला त्या दिवसांत दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. तेथे जाऊन बटण दाबणारा कोणी नव्हता. या राखणीमुळेच यान हाताशी राहिले आणि शास्त्रज्ञांना पृथ्वीवर दोष शोधून दुरुस्ती पाठवता आली. गोळा झालेली माहिती यानाच्या स्मृतीत टिकून राहिली. पण प्रत्येक झटक्यासरशी त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर गेली.

न सांगता गेलेला आणि सांगून गेलेला

आता पृथ्वीवर येऊ. लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली घेऊ, कारण तिची सगळी रचना उघड आहे. कोणालाही वाचता येते. लिनक्समध्ये राखण-घड्याळ एखाद्या फाइलीसारखे दिसते. एखाद्या प्रोग्रॅमने ती फाइल उघडली, की घड्याळ सुरू होते. तिच्यात काहीही एक अक्षर लिहिले, की कुत्र्याला भाकर मिळाली.

मग फाइल बंद केली तर? घड्याळ थांबायला हवे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण जरा विचार करा. लिनक्समध्ये एखादा प्रोग्रॅम अपघाताने मेला, तर त्याने उघडलेल्या सगळ्या फाइली कार्यप्रणाली आपणहून बंद करते. म्हणजे भाकर टाकणारा प्रोग्रॅम मेला, की फाइल बंद होणार; आणि फाइल बंद झाली म्हणून घड्याळही थांबणार. ज्या क्षणी राखणदाराची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच क्षणी त्याला झोप! यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. पुष्कळ राखण-घड्याळांच्या बाबतीत नियम असा आहे, की फाइल बंद करण्यापूर्वी तिच्यात इंग्रजी ‘व्ही’ हे अक्षर लिहिले, तरच घड्याळ थांबते. ‘व्ही’ न लिहिता फाइल बंद झाली, तर घड्याळ मोजतच राहते आणि वेळ संपताच चावते. घरातून ‘येतो हं’ म्हणून गेलेला माणूस आणि न सांगता नाहीसा झालेला माणूस यांत आपण जसा फरक करतो, तसाच हा फरक आहे.

काही ठिकाणी तर ‘व्ही’ लिहिण्याचीही सवलत काढून टाकलेली असते. एकदा सोडलेला कुत्रा पुन्हा बांधताच येत नाही, असे घड्याळ लावण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

बंद होता होता

आता मुख्य गोष्ट. समजा, दूर डोंगरमाथ्यावर पाऊस मोजणारे एक स्वयंचलित केंद्र आहे. त्यात रास्पबेरी पायसारखा एक छोटा संगणक आहे. तुम्ही खाली गावात बसून त्याला दूरध्वनीच्या जाळ्यावरून आज्ञा दिली: ‘बंद होऊन पुन्हा सुरू हो.’ नवा प्रोग्रॅम घातल्यानंतर असे करावे लागते. संगणकाने आज्ञा ऐकली. त्याने काय काय करायचे असते?

प्रथम तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ‘आवरते घ्या’ असा निरोप देतो. जे ऐकत नाहीत त्यांची काही काळ वाट पाहतो आणि मग त्यांना सक्तीने संपवतो. पावसाचे जे आकडे अजून स्मृतीतच आहेत, ते मेमरी कार्डावर लिहायला लावतो. (ताजी माहिती कार्डावर लगेच लिहिली जातेच असे नाही, लिनक्समध्ये ती अर्धा मिनिटही स्मृतीत तिष्ठत राहू शकते.) मग कार्डाची दारे लावून घेतो, उपकरणांना निरोप देतो आणि शेवटी स्वतःला झटका देऊन नव्याने उठतो.

या वाटेवर अडकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. जुने झालेले कार्ड लिहिताना तासन्‌तास कुंथत बसते. दुसऱ्या संगणकावरची फाइल उघडी असते आणि तिकडे जाणारी तार आधीच सुटलेली असते. एखाद्या उपकरणाचा चालक-प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत राहतो. हे चालू कामाच्या वेळी घडले असते, तर निदान दूरध्वनीवरून त्याच्याशी बोलता आले असते. आता तीही सोय नाही, कारण बंद होताना त्याने जाळ्याशी असलेला संबंध केव्हाच तोडलेला असतो. धड चालू नाही, धड बंद नाही. मग पावसाळ्यात कोणीतरी छत्री सावरीत डोंगर चढायचा, वीज तोडायची आणि पुन्हा जोडायची; आणि मधल्या काळात पडलेला पाऊस मोजायचा राहिला तो राहिलाच.

तुम्ही म्हणाल, यासाठीच तर कुत्रा ठेवला आहे! बरोबर. पण त्याला भाकर कोण टाकते? एक प्रोग्रॅम. आणि आपण तर सगळ्याच प्रोग्रॅमांना ‘आवरते घ्या’ म्हणून सांगितले. भाकर टाकणाराही त्यांतलाच एक!

आता तो दोनपैकी एक गोष्ट करील. एक तर शहाण्या मुलाप्रमाणे ‘व्ही’ लिहून, कुत्रा बांधून निघून जाईल. मग पुढचा सगळा प्रवास, म्हणजे अडकण्याचा सर्वांत अधिक संभव असलेला प्रवास, राखणीवाचून व्हायचा. किंवा तो ‘व्ही’ न लिहिता जाईल. मग कुत्रा मोकळा आणि उपाशी. येथे तो १५ चा आकडा आडवा येतो. हट्टी प्रोग्रॅमला सक्तीने संपवण्यापूर्वी लिनक्सचा सर्वसाधारण कारभारी ९० सेकंद वाट पाहतो. कुत्रा थांबणार १५ सेकंद. म्हणजे सगळे सुरळीत चालले असताना, केवळ एका प्रोग्रॅमला उशीर लागला म्हणून, कार्डावर आकडे लिहिले जात असतानाच चावा बसू शकतो. अर्धवट लिहिलेल्या कार्डाचे काय होते, ते ज्यांनी अनुभवले असेल त्यांना वेगळे सांगायला नको.

राखणीची सुपूर्ती

यातून वाट कशी काढली आहे पाहा. बहुतेक लिनक्स संगणकांवर सगळ्या प्रोग्रॅमांचा एक कारभारी असतो. त्याचे नाव सिस्टम-डी. संगणक उठताच लिनक्सचा गाभा पहिला प्रोग्रॅम म्हणून यालाच सुरू करतो. त्याचा नोंदणी क्रमांकच १ आहे. बाकी सारे त्याच्यानंतर येतात आणि त्याच्याआधी जातात. मग भाकर टाकण्याचे काम त्याच्याकडेच का देऊ नये? तशी सोय त्याच्यात आहे. त्याला मुदत सांगून ठेवली, की तो निम्म्या मुदतीच्या आतच भाकर टाकीत राहतो. १५ सेकंदांची मुदत असेल तर साडेसात सेकंदांच्या आत. बंद होण्याच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे इतर प्रोग्रॅमांना निरोप देत असताना, तो स्वतः जिवंतच असतो. म्हणून एखाद्यासाठी ९० सेकंद थांबावे लागले तरी कुत्रा उपाशी राहत नाही.

पण कारभाऱ्यालाही शेवटी जावे लागते, कारण ज्या कार्डावर तो स्वतः राहतो त्याचीच दारे लावायची असतात. तेव्हा तो आपली जागा एका लहानशा प्रोग्रॅमला देतो. या प्रोग्रॅमचे काम एकच: मागे राहिलेल्यांना संपवायचे, दारे लावायची आणि शेवटची आज्ञा द्यायची. जागा सोडण्यापूर्वी कारभारी दोन गोष्टी करतो. पहिली ही, की कुत्र्याची मुदत वाढवून ठेवतो. आपण वेगळे काही सांगितले नसेल तर १० मिनिटे. दुसरी गोष्ट गमतीची आहे. तो राखण-घड्याळाची फाइल बंद करतो, पण ‘व्ही’ न लिहिता! अपघात ओळखण्यासाठी केलेला नियम येथे मुद्दाम वापरला आहे. फाइल बंद झाली तरी घड्याळ चालूच राहते. नव्या जागेवर आलेला प्रोग्रॅम ती पुन्हा उघडतो आणि भाकर टाकू लागतो. पहारा बदलताना जुन्या पहारेकऱ्याने कुत्रा न बांधता नव्याच्या हाती दोरी द्यावी, तसे हे आहे.

तुमच्यातील चाणाक्ष वाचकाला येथे शंका येईल, की ज्या घड्याळात १६ सेकंदही पुरते मावत नाहीत, त्यात १० मिनिटे कशी मावणार? त्यात ती मावत नाहीतच. अशा वेळी लिनक्सचा गाभा मध्यस्थी करतो. तो घड्याळाला दर काही सेकंदांनी स्वतः भाकर टाकीत राहतो आणि १० मिनिटांचा हिशेब आपल्याकडे ठेवतो. १० मिनिटांत वरून कोणाचीच खूण आली नाही, तर तो भाकर टाकणे सोडून देतो. आणि गाभाच अडकला, तर? तर भाकर टाकणारे कोणी उरत नाही, आणि पंधराएक सेकंदांत चावा बसतो.

शेवटची आज्ञा दिल्यानंतर त्या लहान प्रोग्रॅमचेही काम संपते. आता भाकर टाकायला वर कोणी नाही. गाभा एकेका उपकरणाला निरोप देत आहे आणि घड्याळ मोजते आहे. समजा, नेमका येथे एखादा चालक-प्रोग्रॅम अडकला. मुदत संपते आणि कुत्रा चावतो. चावल्याने काय होते? संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आणि आपल्याला तरी दुसरे काय हवे होते? आपली आज्ञाच मुळी ‘पुन्हा सुरू हो’ अशी होती!

पण आज्ञा नुसतीच ‘बंद हो’ अशी असेल, तर सगळाच प्रकार उलटा होतो. पुष्कळ संगणकांत मुख्य भाग निजला तरी वीजपुरवठ्याची व्यवस्था पाहणारे मंडल जागे असते. राखण-घड्याळ अशा जाग्या भागात असेल आणि त्याला बांधायचे राहून गेले, तर ते निजलेल्या संगणकाला चावून उठवते. तुम्ही संगणक बंद करून दिवा मालवता आणि थोड्या वेळात पंखा पुन्हा घुरघुरू लागतो. भूतबाधा नव्हे ती, उपाशी कुत्रा! म्हणूनच आपला कारभारी दोन आज्ञांना दोन वेगळ्या प्रकारे वागतो. पुन्हा सुरू व्हायचे असेल, तर कुत्रा मोकळा ठेवून फक्त दोरी लांब करतो; बंदच व्हायचे असेल, तर ‘व्ही’ लिहून कुत्रा बांधतो. दुसऱ्या प्रकारात शेवटचा प्रवास राखणीवाचून होतो हे खरे. पण जो संगणक बंद करून ठेवायचा, तो पुन्हा सुरू करायला कोणीतरी जवळ येणारच असते. डोंगरमाथ्यावरच्या संगणकाला मात्र शहाण्या माणसाने दुरून ‘बंद हो’ अशी आज्ञा देऊच नये.

रास्पबेरी पायची तऱ्हा याहून न्यारी. स्वतःला झटका देऊन उठवण्याचे काम तो या राखण-घड्याळाकडूनच करून घेतो. पुन्हा सुरू व्हायची वेळ आली, की लिनक्सचा गाभा घड्याळात मोठी संख्या न भरता फक्त १० भरतो. सेकंदाला ६५,५३६ या गतीने १० चे शून्य व्हायला किती वेळ लागेल? सुमारे १५० मायक्रोसेकंद. म्हणजे कुत्र्याला मुद्दाम उपाशी ठेवून त्याच्याकडून चावून घ्यायचे. आणि बंद व्हायचे असेल तर? तर तो आधी एका लहानशा नोंदवहीत ‘६३’ हा आकडा लिहून ठेवतो. कार्डाच्या कोणत्या विभागापासून उठायचे हे सांगण्यासाठी ती नोंदवही असते, आणि ६३ म्हणजे ‘उठूच नकोस’ असा संकेत आहे. मग तो चावून घेतो. उठता उठता पहिला प्रोग्रॅम नोंदवही वाचतो, ६३ पाहतो आणि तसाच पुन्हा निजतो. ६ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ६३ च का, हे तुम्ही ताडून पाहा.

उठल्याउठल्या

राखणीचा प्रश्न निजण्यापाशी संपत नाही. चावा बसून उठलेल्या संगणकात कुत्र्याची काय स्थिती असते? वर सांगितलेल्या एटीमेगा ३२८पी चिपमध्ये राखण-घड्याळाने झटका दिल्यावर घड्याळ बंद होत नाही. ते चालूच राहते, आणि तेही सर्वांत छोट्या मुदतीवर, सुमारे १५-१६ मिलिसेकंदांवर! म्हणजे झोपेतून दचकून उठवलेल्या माणसाने डोळे चोळायच्या आत भाकर टाकली पाहिजे. उठवणारा प्रोग्रॅम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो सुरुवातीला नव्या प्रोग्रॅमची वाट पाहत थोडा रेंगाळतो. आर्डुइनोच्या काही जुन्या बूटलोडरांना कुत्रा जागा आहे याची कल्पनाच नव्हती. परिणाम असा, की एकदा चावा बसला, की रेंगाळताना दुसरा, मग तिसरा. मंडल उठते-पडते, उठते-पडते, आणि मूळ प्रोग्रॅमची पाळी येतच नाही. वीज काढून पुन्हा जोडली, तरच सुटका.

उपाय म्हणून पहिल्याच क्षणी दोन कामे करायची असतात. चिपमध्ये ‘मी का उठले?’ याची नोंद करणारी एक खूण असते: वीज आली म्हणून, बटण दाबले म्हणून, की कुत्रा चावला म्हणून. ती वाचून ठेवायची आणि मग पुसायची. ती पुसल्याशिवाय कुत्रा बांधताच येत नाही. त्यानंतर घड्याळ बंद करायचे. पण तेही सहजासहजी नाही. आधी दोन विशिष्ट बिटे १ करायची आणि पुढच्या ४ स्पंदांच्या आत बंद करण्याची आज्ञा लिहायची. ४ स्पंद म्हणजे सेकंदाच्या ४० लाखाव्या भागाएवढा काळ. वाट चुकलेल्या प्रोग्रॅमच्या हातून कुत्रा चुकून बांधला जाऊ नये म्हणून हे दुहेरी कुलूप आहे.

मोठ्या संगणकांवर याच भीतीने काही चालक-प्रोग्रॅम निजताना अगदी शेवटी कुत्रा बांधून टाकतात. उठताना सुरुवातीच्या प्रोग्रॅमाला भाकर टाकायचे ठाऊक नसेल आणि उठायलाच वेळ लागत असेल, तर फुकटचा चावा नको, हा त्यामागील हेतू. मला स्वतःला हे तितकेसे पटत नाही. सुरुवातीच्या प्रोग्रॅमालाच भाकर टाकायला शिकवावे, हे बरे. अनेक ठिकाणी आता बूटलोडरच कुत्रा सोडतो, आणि कारभारी जागा होईपर्यंत लिनक्सचा गाभा त्याला भाकर टाकीत राहतो.

वर्गात करून पाहा

हे सारे समजण्यासाठी संगणकच पाहिजे असे नाही. एका मुलाने फळ्यापाशी उभे राहून १५ पासून उलटे अंक मोठ्याने मोजावेत. हा कुत्रा. दुसऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, की त्याने पुन्हा १५ पासून सुरुवात करावी. हा भाकर टाकणारा. बाकीच्या पाच-सहा जणांनी वहीत पाढे लिहावेत. हे प्रोग्रॅम. गुरुजींनी किंवा बाईंनी ‘बंद करून पुन्हा सुरू’ अशी आज्ञा द्यावी. प्रत्येकाने हातातला पाढा पुरा करायचा, वही मिटायची आणि जागेवर बसायचे. पाढे लिहिणाऱ्यांपैकी एकाला आधीच कानात सांगून ठेवावे, की तू वही मिटूच नकोस. अंक शून्यावर आले, की सर्वांनी असेल तसे लिहिणे टाकून पहिल्यापासून सुरुवात करायची.

पहिल्या खेपेस भाकर टाकणाऱ्याने सर्वांबरोबर लगेच बसावे आणि कुत्र्याने मोजत राहावे. किती पाढे अर्धवट राहिले ते मोजा. दुसऱ्या खेपेस त्याने कुत्र्याला ‘व्ही’ म्हणून गप्प करावे आणि मग बसावे. वर्ग किती वेळ ताटकळतो ते पाहा. तिसऱ्या खेपेस त्याने सर्वांत शेवटी बसावे, आणि बसण्यापूर्वी कुत्र्याला १५ ऐवजी ६० पासून मोजायला सांगावे. मग ६० च्या जागी ३० घ्या, ९० घ्या. पाढे फार मोठे असतील, तर कोणता आकडा बरा पडतो? आणि वही न मिटणारा मुलगा खुद्द भाकर टाकणाराच असला, म्हणजे तो कधी बसलाच नाही आणि खांद्यावर हात ठेवीतच राहिला, तर हा कुत्रा काय करील?